जानेवारीतली छाटणी

सासरे आमच्याकडे मुलुंडला राहायला आले, त्या पावसाळ्यात त्यांनी सोसायटीच्या कुंपणाकडेला करवंदाची पाच रोपं लावली. जावयाच्या घरी राहणं त्यांना जड जात होतं. करवंदं धरली की लोणचं घालू, सगळ्या मजल्यांवर वाटू, असं ते मुलीला सांगत.

झुडपं जोमानं वाढली, पण फळ धरेना. सासऱ्यांनी शेणखत घातलं, राख घातली. मग आपल्या हातालाच यश नाही, असं म्हणू लागले. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी काहीही लावलं तरी जगायचं, असंही एकदा म्हणाले.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाआधी कुंपण एका रेषेत कापून घ्यायचं, ही माझीच शिस्त. तीन वर्षांपूर्वी माळ्यानं एक फांदी वाकवून दाखवली. टोकाला बारीक, हिरवट कळ्यांचा झुबका होता.

"करवंद शेंड्याला फुलतं, साहेब. आता कापलं तर यंदा काही नाही. फळं संपली की पावसात कापू."

"काप रे. झेंडावंदन आहे."

त्याआधी मी अजाणता कापत होतो. त्यानंतर मात्र जाणूनबुजून. एकदा थांबवलं असतं, तर आधीचंही कबूल करावं लागलं असतं. उन्हाळ्यात सासरे रिकाम्या फांद्या चाचपत आणि मी त्यांना सांगे की मुंबईची हवा मानवत नसेल. हे सांगायचाही पुढे कंटाळा येऊ लागला, तरी सांगत राहिलो.

यंदा माळी कात्री घेऊन आला, तेव्हा त्याला परत पाठवलं. वर आलो. सासरे गॅलरीत मटार सोलत होते. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, माळ्याची गोष्टसुद्धा. त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या हातात खोट नव्हती?"

"नव्हती, बाबा."

"मग तेवढं माझ्या मुलीला सांगा. तुम्ही सांगा."

संध्याकाळी बायको ऑफिसातून आली. मी सांगितलं. तिनं पर्स खाली ठेवली आणि वडिलांना चप्पल घालायला लावली. दोघं खाली गेली. कुंपणाशी वाकून ते तिला एकेक शेंडा दाखवत होते. मी गॅलरीतून पाहत राहिलो. खाली जावंसं वाटत होतं, पण मला कोणी बोलावलं नव्हतं.