चार मनमिळाऊ बायका

बायको गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला पेपरच्या ऑफिसात निधनाची बातमी द्यायला गेलो. टेबलावरच्या माणसाने नाव, वय विचारलं आणि पुढे स्वतःच लिहिलं, 'त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.'

मी म्हटलं, "मनमिळाऊ कुठली? भांडकुदळ होती. चाळीच्या नळावर तिच्याआधी बादली लावायची कोणाची हिंमत नव्हती."

"काका, असं छापत नाहीत. बायकांना मनमिळाऊ, पुरुषांना कष्टाळू, हे ठरलेलं आहे."

"मग कष्टाळू लिहा. जन्मभर सिंध्यांचे पापड लाटले तिने."

"काका, लोक हसतील."

मी चौथी शिकलेला. पेपरवाल्याशी काय वाद घालणार? पैसे भरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार बायकांच्या बातम्या होत्या. चारही मनमिळाऊ. त्यात माझी कुठली, ते नावावरूनच कळलं.

संध्याकाळी शेजारीण पेपर घेऊन आली. नळावर हिच्याशी सगळ्यात जास्त भांडलेली तीच.

"भाऊजी, ही कोणाची बातमी दिलीत?" म्हणाली आणि दारातच रडायला लागली.

बायको गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.