पहिल्या रांगेतली खुर्ची

प्राचार्या इंदुमती घोणसीकर मॅडम यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी ‘मॅडमच्या सौम्य स्वभावावर लिहा’ असा निरोप संपादकांनी धाडला, तेव्हा मला हसूच आलं. मॅडम आणि सौम्य! आमची पहिली भेटच खटक्यानं झाली होती.

मी हिमायतनगरची. नांदेडच्या एका रुग्णालयात सात वर्षं वॉर्डात सिस्टर होते. नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करून शिक्षिका व्हायचं, हे एकच खूळ डोक्यात होतं. अर्ज नेला तर रुग्णालयातले साहेब म्हणाले, “शिकून शेवटी सुईच टोचायची ना?” घरचेही तेच म्हणत. लातूरला मॅडमच्या नर्सिंग कॉलेजात मुलाखतीला गेले, तेव्हा मी हे सगळं त्यांना रडत रडत सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “झालं रडून? आता सांग, सुई टोचायला तुला कुणी शिकवलं?”

“सिस्टरनीच, मॅडम.”

“मग शिकवणारी काय आभाळातून पडते?”

मला प्रवेश मिळाला.

एम.एस्सी.ला सराव-पाठ द्यावे लागतात. आपण वर्ग घ्यायचा आणि मागे बसलेल्या प्राध्यापकांनी गुण द्यायचे. मॅडमनी त्यात स्वतःची एक रीत घातली होती. पहिल्या रांगेत एक खुर्ची वॉर्डातल्या गंगामावशींसाठी असे. मावशी देवणीकडच्या, शाळेची पायरी न चढलेल्या, पेशंटची उचलठेव करण्यात हयात गेलेल्या. पाठ संपला की मॅडम आधी त्यांना विचारत, “मावशी, समजलं का?” ‘आता एम.एस्सी.चे गुण आया देणार’ अशी कुजबुज व्हायची. मॅडम ती ऐकत आणि पुढच्या पाठाला खुर्ची स्वतः उचलून आणत.

माझा पहिला पाठ होता अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत यावर. चाळीस मिनिटं मी घोटून पाठ केलेलं इंग्रजी झाडलं. मागच्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. मॅडमनी मावशींकडे पाहिलं. मावशी बिचाऱ्या ओशाळल्या. “लई गोड बोलल्या बाई. पर काय बोलल्या, त्ये न्हाई समजलं.”

“पाठ परत घ्यायचा,” मॅडम म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. होस्टेलवर जाऊन मी बॅग भरली आणि मॅडमच्या दारात उभी राहिले. “मला नाही व्हायचं शिक्षिका. चालले मी.”

“खुशाल जा. फक्त जाताना मावशींना सांगून जा, की तुझी विद्या त्यांच्यासाठी नाही.”

मी बॅग घेऊन मावशींकडे गेले आणि ते वाक्य काही तोंडातून फुटेना. शेवटी खाली बसले आणि विचारलं, “मावशी, पेशंट वर कसा सरकवता?” त्यांनी काखेत हात घालून ओढून दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला. तसं ओढल्यानंच तर कातडी सोलते!

दुसरा पाठ मी आपल्या बोलीत घेतला. रुग्णाखाली आडवी चादर घालायची, दोघींनी दोन बाजूंनी धरायची, उचलायचं आणि मग सरकवायचं, हे मावशींच्याच हातून करवून घेतलं. त्या थांबल्या. डोळ्यांत पाणी. “म्हंजी इतकी वर्सं म्या वढतच हुते की गं! कुनी सांगितलंच न्हाई.” त्या दिवशी मी शिक्षिका झाले. पदवी नंतर आली.

वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, गावी सासूबाईंकडे ठेवलेली माझी लेक तापानं फणफणली. सासूबाई तिला घेऊनच मला न्यायला आल्या, तर मॅडमनी त्या दोघींनाच आठ दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं. सासूबाई जाताना म्हणाल्या, “ह्या बाईपुढं आपलं काई चालत न्हाई.”

चालत कुणाचंच नसे. एका बैठकीत बडे डॉक्टर म्हणाले, “नर्सिंगला शिकवायला आम्ही आहोत की.” मॅडमनी शांतपणे विचारलं, “डॉक्टरसाहेब, पेशंटची कूस तुम्ही शेवटची कधी बदललीत?” साहेब चष्मा पुसू लागले. “मग आमच्या मुलींना आम्हीच शिकवू,” म्हणून मॅडमनी पुढचा विषय घेतला.

आज मी नांदेडला भावी शिक्षिकांचे सराव-पाठ पाहते. मागच्या महिन्यात तपासणीला आलेल्या एका साहेबांनी पहिल्या रांगेतल्या आमच्या वॉर्डातल्या मावशींकडे बोट दाखवून विचारलं, “ही इथे कशाला? खुर्ची उचला.” मी म्हटलं, “ही खुर्ची उचलायची असेल, तर आधी माझी उचला.” तोंडून निघाल्यावर कळलं, आवाज माझा होता, पण धग मॅडमची. खुर्ची जागेवरच आहे.

मॅडम, तुम्ही निवृत्त होताय म्हणे. व्हा खुशाल! तुमचे गुडघे, तुमचा आवाज आणि तुमचा राग पुढची चाळीस वर्षं ठणठणीत राहोत. नांदेडला या आणि मावशींच्या शेजारी बसा. माझा पाठ ऐका, आणि नाही पटला तर भर वर्गात सांगा, “परत घे.” मी बॅग भरणार नाही.