लाल रेघेवर सही

आमच्या वाघोलीच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. त्यामुळे इलेक्ट्रिकलची डिग्री हातात आल्यावर घरातली वीज गेली, की ती का गेली हे मी सगळ्यांना कारणांसह समजावून सांगत असे. फ्यूज मात्र वडीलच बदलत.

नोकरी लागली ती प्रोजेक्ट इंजिनिअरची. कंपनी बाहेरच्या शेडमधून विजेची पॅनेलं बनवून घ्यायची आणि ती गाडीत चढण्याआधी तपासून पास करणं हे माझं काम. वडिलांनी गावात सांगून टाकलं, "पोरगं आता लोकांना नापास करतंय." माझ्या कामाचं एवढं नेमकं वर्णन मला स्वतःला कधी जमलं नव्हतं.

सहा महिन्यांच्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता. आमचे साहेब पेठेतले. ते कधी आवाज चढवत नसत, त्याची गरज पडत नसे. त्याआधी एकदा मी एका पॅनेलवर सही करून दुसऱ्या दिवशी ती मागे घेतली होती. तेव्हा ते म्हणाले होते, "पुन्हा असं झालं, तर आपल्याला कायम करण्याचा विचार आपण दोघंही सोडून देऊ."

तर त्या दिवशी मी हडपसरच्या शेडमध्ये गेलो. पॅनेल म्हणजे एक लोखंडी कपाट. आत तांब्याच्या जाड पट्ट्या, बोल्टांनी एकमेकींना जोडलेल्या. बोल्ट सैल राहिला तर जोड तापतो, आणि तापता तापता एक दिवस पेटतो. म्हणून टॉर्क रेंच नावाच्या पान्याने ठरावीक जोरानेच बोल्ट आवळायचे. जोर पुरा झाला, की पाना 'टक' करतो. मग बोल्टवरून पट्टीपर्यंत लाल रंगाची रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

हे सगळं मी तिथल्या मिस्त्रींना समजावून सांगितलं. मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे, उभा जन्म पॅनेलं बांधण्यात गेलेला. त्यांनी हातातलं काम खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं हाय होय."

मी बॅटरी मारून एकेक बोल्ट पाहिला. सगळ्यांवर रेघ होती. इतक्या सरळ रेघा मला ड्रॉइंगच्या पेपरातही आल्या नव्हत्या. चेकलिस्टमध्ये 'बोल्ट आवळले आहेत का' यापुढे खूण केली, शेऱ्यात 'उत्कृष्ट' लिहिलं, सही ठोकली आणि शेडच्या फोनवरून साहेबांना कळवलं, गाडी पाठवा.

चहा आला. मिस्त्रींनी बशीत ओतून संपवला आणि उठता उठता म्हणाले, "झाली न्हवं सही? चला, आता बोल्ट आवळून घेतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "म्हणजे काय?"

"टॉर्कचा पाना दोन शेडात मिळून एकच हाय. आत्ता आला पलीकडनं. गाडी यायला तास हाय, आपलं काम अर्ध्या तासाचं."

"आणि या रेघा?"

"त्या काल मारल्या. रंग वाळाया नको?"

"अहो मिस्त्री, रेघ आवळल्यावर मारायची. मघाशी सांगितलं ना मी?"

"सांगितलं की. पण तपासणीचे साहेब रेघाच बघत्यात. पाना लावून बघणारा अजून कोण आला न्हाई."

यात लबाडी काहीच नव्हती. तपासणीला जे लागतं, ते त्यांनी तयार ठेवलं होतं. मी गप्प बसलो असतो तर बोल्ट आवळले गेले असते, पॅनेल चांगलं निघालं असतं आणि मी कायम झालो असतो. खरं सांगायचं तर मी गप्प बसायच्या बेतातच होतो. तेवढ्यात आठवलं, की गेल्या महिन्यात याच शेडमधल्या दोन पॅनेलांवर मी सह्या केल्या होत्या.

"त्यांचे आवळले होते का?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "पहिल्याचे मीच आवळले. दुसऱ्याला गाडी लवकर आली व्हती. आवळले असतील."

ते 'असतील' पॅनेल चालू होतं. रोज सकाळी कुणीतरी कामगार त्याच्यासमोर उभा राहून स्विच टाकत होता.

मी साहेबांना पुन्हा फोन लावला. "साहेब, सही मागे घेतोय. याची, आणि मागच्या दोघांचीही." आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी आधी विचारलं, ती दोन्ही कुठल्या कारखान्यात बसवलीत. मग, "अहो, आपण पॅनेल तपासता की रंगकाम?"

"आजवर रंगकामच, साहेब."

"गाडी थांबवतो, तिकडची वीज बंद करायला सांगतो. पाना घेऊन निघा. वापरता येतो ना?"

मी हो म्हणालो. मग फोन ठेवून मिस्त्रींना विचारलं, कसा वापरायचा. त्यांनी न हसता दाखवलं. फक्त एकदाच म्हणाले, "साहेब, उलटा धरलाय." मग आपणहून माझ्या स्कूटरवर मागे बसले, मांडीवर पाना घेऊन.

पहिल्या पॅनेलने प्रत्येक बोल्टला टक केलं. दुसऱ्यातही वरच्या ओळी टकटकल्या. खालच्या ओळीत एक बोल्ट नुसताच फिरत राहिला. त्याच्याजवळचं पट्टीचं पिवळं आवरण तपकिरी पडून सुरकुतलं होतं. पाना लावेपर्यंत लाल रेघ अगदी सरळ होती. बोल्ट कधी आवळलाच नव्हता, तर रेघ तुटणार कशी?

मिस्त्री कितीतरी वेळ त्या आवरणावरून बोट फिरवत राहिले. मग नवा बोल्ट काढून माझ्या हातात दिला. "आवळा. मी बघतो."

प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. पत्रात साहेबांनी कारण लिहिलं होतं, 'उमेदवार अद्याप शिकत आहेत.' वडिलांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"अजून शिकतोयस? मग कॉलेजात काय शिकलास?"

"रेघा बघायला," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. मग मी बोल्टपासून सुरुवात करून सगळं सांगितलं, आणि या वेळी कारणं पुस्तकातली नव्हती, माझीच होती.