आर्ट्सचा कौल

तुझ्या अकरावी-बारावीच्या नव्या डिप्लोमात दोन भाषा, गणित, जीवशास्त्र, इतिहास आणि कला असे सहा विषय एकत्र शिकायचे आहेत, हे तुझ्या पत्रात वाचून मला, तुझ्या आजीला, आधी आनंद झाला आणि मग माझा कॉलेजचा अर्ज आठवला. मी मॅट्रिक झाले तेव्हा मलाही असंच हवं होतं. शाळेत संस्कृत आणि शास्त्र एकाच दप्तरात होतं. ओहोटीला खडकांतल्या पाण्यात सापडणाऱ्या जिवांची चित्रं मी वहीत काढत असे, आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर इंग्रजी कविता उतरवत असे. कॉलेजच्या अर्जावर मात्र दोनच चौकोन होते, आर्ट्स आणि सायन्स.

हेडमास्तर म्हणाले, "दोन होड्यांत पाय ठेवून खाडी पार होत नाही." मुंबईच्या काकांनी पत्रातून सायन्सचा आग्रह धरला. वडिलांना आर्ट्स हवं होतं. प्रयोगशाळेत संध्याकाळ होते, मुलीच्या जातीला ते बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर जेवताना वाद झाले. शेवटी वडील म्हणाले, "देवाकच इचारूया."

आमच्याकडे अडलेल्या प्रश्नाला देवळात कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरव वडिलांच्या वयाचे, थट्टेखोर. वडिलांच्या चेडवाकडे, म्हणजे माझ्याकडे बघून त्यांना म्हणाले, "शेटानूं, चेडवाक काय व्हया ता इचारलात?"

"तेका काय इचारूचा? तां ल्हान आसा."

"ल्हान? मग कॉलेजात कित्याक धाडतास? पाळण्यात घाला!"

आई पदरात हसली. वडील हसले नाहीत.

"बरा. मग दोनय इचारूया, आर्टस आणि सायन," गुरव म्हणाले.

"एक इचारला काय पुरे. आर्टसाचा इचारा."

गुरवांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, चेडवाक आर्टसाक घातल्यार बरा होतला आसात, तर उजवो कौल दी."

"व्हय म्हाराजा!" वडील म्हणाले. मीही म्हणाले, सवयीने.

खूप वेळ काही हललं नाही. मी मनात म्हणत होते, डावी पड, डावी पड. आणि उजवी पडली. गुरवांनी ती उचलून माझ्या ओंजळीत ठेवली.

परतताना आई हळूच म्हणाली, "तुका सायन व्हया होता ना? मग बोललंस कित्याक नाय?"

"माका दोनय व्हयी होती."

"मगे तसा सांगूचा. बापूस काय खाता तुका?"

वडील दहा पावलं पुढे होते, छत्री काखेत धरून. हाक मारली असती तर थांबले असते. आईनेही माझ्याकडे बघितलं, मी आता हाक मारीन म्हणून. मी मारली नाही. घरी आल्यावर वडिलांनी अर्ज काढला, मी माझ्याच पेनाने आर्ट्सच्या चौकोनात खूण केली, खाली नाव लिहिलं, आणि अक्षर छान आलं म्हणून त्यांनी कौतुकही केलं.

पुढे कोल्हापूरला संस्कृत आणि इंग्रजी मी मनापासून शिकले, नाही म्हणणार नाही. पण प्रयोगशाळेच्या इमारतीवरून वर्गात जायला जवळची वाट होती, आणि त्या वाटेने मी दोन वर्षं गेले नाही. पुष्कळ दिवस मी देवाला दोष दिला. ते सोपं होतं. देवाने तर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. दुसरा प्रश्न विचारायला सांगणारे गुरव समोर होते, आई शेजारी होती आणि मी सोळा वर्षांची, इंग्रजीत निबंध लिहिणारी मुलगी, नुसतं 'व्हय म्हाराजा' म्हणाले. वडील जाईपर्यंत पुरती तीस वर्षं मला वेळ होता. तेवढ्या वर्षांतही मी त्यांना हे सांगितलं नाही. माझ्या आवडीनेच मी आर्ट्सला गेले, असं ते शेवटपर्यंत लोकांना सांगत.