माझ्या हाताच्या मापाचं रेलिंग

“आज चालायचं न्हाई,” क्लार्क म्हणाला.

म्हणता म्हणताच त्यानं माझ्या दोन्ही कुबड्या काढून घेतल्या. विचारलं नाही. भिंतीला टेकलेला झाडू उचलावा तशा उचलल्या आणि शिपायाच्या हातात दिल्या. समोर चाकाची खुर्ची उभी होती. कोरी करकरीत. हातांवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. तीन वर्षं मी या कॉलेजात शिकतेय, पण ही खुर्ची मी पहिल्यांदाच बघत होते. स्टोअररूममध्ये होती म्हणे.

“मला खुर्ची लागत न्हाई सर. मी चालते.”

“माहीत हाय चालतीस. कमिटी यायलीय, तिला काहीतरी दिसाया पायजे ना? बस गुमान.”

मी बसले. खांद्यावरची बॅगही त्यानं काढून घेतली. फोटोत बरी दिसत नाही म्हणाला. बॅगेत माझा फोन होता.

माझे दोन्ही पाय जन्मापासून अधू आहेत. पण कुबड्यांवर मी कुठंही जाते. कॉलेज बीडच्या बाहेर, हायवेला. स्टँडवरून टमटम करायची. टमटमवाला पलीकडच्या बाजूला सोडतो, तिथून दोन वाहनांमधली फट बघून रस्ता ओलांडायचा. मग गेटपासून इमारतीपर्यंत मुरुमाचा रस्ता. कुबडी मुरुमात रुतते, ती उपसत उपसत जायचं. एवढं सगळं मला जमतं. जमत नव्हत्या त्या फक्त अकरा पायऱ्या. आमची इमारत उंच जोत्यावर आहे आणि पुढच्या पायऱ्यांना चकचकीत फरशी बसवलीय. तिच्यावर कुबडी टिकत नाही. म्हणून मी पहिल्या पायरीवर बसायची आणि तोंड मैदानाकडं करून, हातांवर जोर देत एकेक पायरी उलटी चढायची. कोणी बघू नये म्हणून तास सुरू व्हायच्या अर्धा तास आधी यायची. तरी कोणीतरी असायचंच. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या आमच्याच वर्गात. तो आणि त्याची पोरं कधीकधी वर्गातली खुर्ची आणून मला तिच्यासकट उचलायची. “देवी आली रे, पालखी धरा,” म्हणायची. मीही हसायची. हसलं की लवकर खाली ठेवतात.

शबाना माझी मैत्रीण. तिच्या वडिलांचा बसस्टँडसमोर फळांचा गाडा आहे. ती एकटी मला कधी उचलायला आली नाही. ती माझी बॅग घ्यायची आणि माझ्या शेजारच्या पायरीवर माझ्यासारखीच बसत बसत वर यायची. गप्पा मारत. तिच्या सलवारीला मागून धूळ लागायची, ती झटकत वर्गात जायचो.

मग कॉलेज तपासायला कमिटी येणार असं ठरलं आणि आठ दिवसांत इमारतीच्या बाजूला रॅम्प उभा राहिला. रेलिंगचं काम माझ्या वडिलांकडं आलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आम्ही मूळचे लिंबागणेशकडचे लोहार. आजा विळे-खुरपी करायचा, दादांचं वेल्डिंगचं दुकान आहे. कॉलेजचं काम आलं त्या संध्याकाळी दादा घरी आले ते हात न धुताच.

“उभी राहा माय,” म्हणाले.

मला दाराच्या चौकटीला उभं केलं. एक कुबडी काढून घेतली आणि म्हणाले, हात टेक, जोर दे, आता कोपर जरासं वाकव. जिथं माझा तळवा आला तिथं त्यांनी खडूनं रेघ मारली. मग मला दोन पावलं चालायला लावलं आणि परत रेघ मारली. दोन्ही रेघा एकाच ठिकाणी आल्यावर त्यांनी टेप लावला. माझे दादा नकाशा बघून काम करणारे नाहीत. ज्याची वस्तू त्याच्या अंगाचं माप घेतात. चार दिवस दुकान बंद ठेवून ते रॅम्पवर बसून होते. प्रत्येक जोड घासून गुळगुळीत केला, माझ्या हाताला टोचू नये म्हणून.

काम संपलं त्या दिवशी मी तिथंच होते. अध्यक्ष बघायला आले. पांढरे कपडे, मागं दहा माणसं. त्यांनी रेलिंगला हात लावला. ते त्यांच्या मांडीपर्यंतच आलं.

“कावून रे, एवढं बुटकं केलंस?”

“लेकीच्या हाताच्या मापाचं हाय साहेब,” दादा म्हणाले. किती अभिमानानं म्हणाले. माझ्याकडं बोटही केलं.

“कॉलेज तुझ्या लेकीचं हाय का बे?”

दहा माणसं हसली. दादाही हसले. माझ्या वडिलांना माझ्यासारखंच हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

तर कमिटीचा दिवस. पुतण्या आणि त्याच्या एका मित्रानं माझी खुर्ची रॅम्पवरून ढकलत वर नेली. कमिटीचे तीन पाहुणे खाली उभे होते. फोटोवाला म्हणाला, ताई, जरा हसा. मी हसले. ते हसू मला अजून माफ करता येत नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या, काहीतरी लिहिलं आणि सगळे पुढच्या दारानं कार्यक्रमाला गेले.

“थांब, आलोच,” पुतण्या म्हणाला. ते दोघंही गेले.

मी रॅम्पच्या टोकाला होते. समोर दार. दाराला कुलूप. ते दार अध्यक्षांच्या केबिनचं मागचं दार आहे. केबिनच्या पलीकडं आमचा वर्ग. म्हणजे रॅम्प बांधला, पण तो जातो अध्यक्षांच्या कुलपापर्यंत. आत यायचं तर साहेबांच्या केबिनमधून यावं लागेल, आणि तसं कोणाला येऊ द्यायचं नव्हतं. हे बांधणाऱ्याला माहीत होतं, क्लार्कला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त दादांना आणि मला.

मी वाट बघितली. उतार इतका खडा होता की चाकांना हात लावायची भीती वाटत होती. हाक मारली. हॉलमध्ये माईकवर स्वागतगीत चालू होतं. परत हाक मारली. मग सत्कार, मग भाषणं. अध्यक्ष म्हणत होते की आमच्या दिव्यांग लेकरांसाठी ही संस्था आईसारखी आहे. टाळ्या पडल्या. मी बाहेर उन्हात बसून त्या टाळ्या ऐकत होते. माझ्याकडं कुबड्या नव्हत्या, फोन नव्हता. अकरा वाजता बसवलं होतं. मग जेवणं सुरू झाली. भाजीचा वास यायला लागला.

मला लघवीला लागली होती. साडेबारापासून लागली होती. मी मांड्या आवळून धरल्या, शंभरपर्यंत मोजलं, परत मोजलं. खुर्चीतून खाली सरकून बसत बसत उतरावं असं मनात आलं. पण मग कोपऱ्यापलीकडच्या मांडवासमोरून जावं लागलं असतं, तिथं सगळं कॉलेज जेवत होतं आणि अंगावर आईची साडी होती. लाज आड आली. त्या लाजेपायी मी बसून राहिले, आणि बसल्या जागी ओली झाले. वीस वर्षांची मुलगी. खुर्चीखालून एक ओघळ निघाला आणि रॅम्पवरून सावकाश खाली गेला. दादांच्या रेलिंगच्या कडेकडेनं.

शबानाला स्वागताच्या ताटांवर उभं केलं होतं. ती सुटली तेव्हा अडीच वाजून गेले होते. मला शोधत आली, बघितलं आणि तशीच गेटकडं पळाली. गेटबाहेर दादा उभे होते. अकरा वाजल्यापासून. पाहुणे आपलं काम बघतील म्हणून दिवाळीचा शर्ट घालून आले होते. वॉचमननं आत सोडलं नाही. आज बाहेरच्यांना बंदी, म्हणाला. शबानानं काय सांगितलं कोण जाणे, पण दादा त्याला ढकलून आत आले.

 दादांनी अंगातला शर्ट काढला आणि माझ्या कमरेला बांधला. मग माझ्याकडं पाठ करून खाली बसले. “ये माय,” एवढंच म्हणाले. शाळेत असताना मी अशीच त्यांच्या पाठीवर जायची. आता मी मोठी झालेय, जड झालेय. त्यांचे गुडघे थरथरत होते, ते मला माझ्या पोटाला जाणवत होतं. दिवाळीचा शर्ट माझ्या कमरेला आणि बाप बनियनवर. मांडवातली माणसं ताटं हातात धरून बघत होती.

क्लार्क हात पुसत आडवा आला. मला वाटलं, माफी मागेल.

“बरं झालं भेटलास,” तो दादांना म्हणाला. “उद्या येऊन ते रेलिंग कापून ने. साहेबांची गाडी वळवायला आड यायलंय. कमिटीचं काम झालं आता.”

“बरं साहेब,” दादा म्हणाले.

ते तोंडातून आपोआप आलं. आयुष्यभर तेच म्हणत आलेत. त्यांच्या पाठीवर असल्यामुळं ते दोन शब्द मला कानानं आणि छातीनं, दोन्हीकडून ऐकू आले.  राग मला क्लार्कचा आला नाही. राग मला त्या ‘बरं’चा आला, आणि माझ्या फोटोतल्या हसण्याचा आला. दोन्ही एकच होतं.

“न्हाई,” मी म्हणाले. “दादा, कापायचं न्हाई.”

“तुला कोण इचारायलंय?” क्लार्क म्हणाला.

“कोणीच इचारलं न्हाई. म्हणूनच सांगायलेय. आधी माझ्या कुबड्या आणा.”

त्यानं दादांकडं बघितलं.  दादा जागचे हलले नाहीत. मला पाठीवर घेऊन ते तसेच उभे राहिले. शिपाई कुबड्या आणि बॅग घेऊन येईपर्यंत. मग मी पाठीवरून उतरले आणि ओल्या साडीनं, सगळ्यांच्या समोरून, गेटपर्यंत माझी मी चालत गेले. एका बाजूला शबाना होती. मागून दादा येत होते. ते रडत होते हे मला वळून न बघताही कळत होतं. घरी आल्यावर मी रडले. आई रात्रभर डोकं थोपटत होती.

दादा कापायला गेले नाहीत. चौथ्या दिवशी दुसऱ्याच कोणीतरी कापलं. मी दुकानात जाऊन सांगितलं. दादांनी डोळ्यांवरचा चष्मा वर केला.

“वरून कापलं का मुळातून?”

“वरून. सिमिटात बुडं तशीच हायेत.”

“मंग असू दे,” म्हणाले. “बुडं हायेत तवर जोडता येतंय.” पुन्हा चष्मा खाली घेतला आणि काम करू लागले. त्या रात्री ते जेवले नाहीत. चौकटीवरची खडूची रेघ आईनं पुसायला घेतली तर तिच्यावर ओरडले. ती रेघ अजून तिथं आहे.

माझा तो फोटो आता गेटवर मोठ्या फ्लेक्सवर लावलाय. ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सर्व सुविधा.’ रोज टमटममधून उतरलं की आधी मलाच मी हसताना दिसते.

मला वर्गात जाता यावं असा मी प्राचार्यांना अर्ज दिला. पोरांना सांगून तुला रोज वर न्यायची सोय करतो, ते म्हणाले. मी तो अर्ज परत घेतला आणि त्यांच्यासमोर दुसरा लिहिला. दोनच ओळी. मला उचलू नका. दार उघडा. शिक्का मारून घेतला. एक प्रत माझ्याकडं आहे.

त्या दिवसापासून मी पायऱ्यांवर बसलेली नाही. यापुढं बसणार नाही. तासाच्या वेळेला मी रॅम्प चढते. रेलिंग नाही, म्हणून वेळ लागतो. दोनदा पडले. वर जाऊन कुबडीनं दार तीनदा वाजवते. आतून कोणी उघडत नाही. मग तिथंच उभी राहते. आमच्या वर्गाची खिडकी जवळच आहे, हजेरी स्पष्ट ऐकू येते. शबाना त्या खिडकीशी बसते आणि रोज ती उघडी ठेवते. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं पत्र घरी आलंय. दादांनी ते वाचायला लावलं, ऐकलं आणि म्हणाले, “तू जात राहा.”

काल सर माझ्या नंबरावर आले.

“सत्तावीस?”

“हजर,” मी बाहेरून म्हणाले.

 “गैरहजर,” सर म्हणाले.

“हजर हाय सर. दाराशी हजर हाय. दाराला कुलूप लावलंय, तेवढं लिहा.”

वर्गात कोणी हसलं नाही. सरांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. उद्याही सत्तावीस नंबर पुकारला जाईल, परवाही. त्यांनी वर्षभर गैरहजर लिहावं. मी वर्षभर हजर म्हणणार आहे.