डबीतला ळ

रुपराव गजभिये यांना वाचता यायला लागलं ते वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि तेही उलटं.

छप्पन साली दीक्षेनंतर महिनाभरात त्यांनी कन्हानच्या खाणीवरचं काम सोडलं आणि आई तुळसाबाईंना घेऊन नागपुरात आले. गांधीबागेतल्या एका छापखान्यात काम मिळालं. झाडू मारायचा, कागदाचे गठ्ठे उचलायचे आणि छापून झालेल्या पानाचे शिशाचे खिळे सोडवून परत केसमध्ये टाकायचे. केस म्हणजे खणाखणांची मोठी लाकडी पाटी. आडवे सोळा खण, अशा आठ ओळी. प्रत्येक खणात एकाच अक्षराचे खिळे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, कागदावर उमटलं की सुलटं होतं. खिळे जुळवून मजकूर लावणाऱ्या जुन्या कंपोझिटरनं त्यांना सांगितलं होतं, "असा दिसते तो या खणात टाक. नाव मंग कळंल."

नावं मग कळली. आधी जागा कळल्या. शाळेतल्या पोराला पहिल्यांदा अ भेटतो. रुपरावांना र भेटला, कारण तो हाताच्या अगदी समोर, मधल्या मोठ्या खणात राहत होता. न, त आणि काना त्याच्या शेजारी. ङ तिकडे वर कोपऱ्यात, वर्षातून एकदा लागला तर लागला. दोन वर्षांत रुपराव डोळे मिटून हव्या त्या अक्षरावर हात टाकू लागले, आणि पाचव्या वर्षी ते स्वतः कंपोझिटर झाले. कापडवाल्यांच्या पावत्या, लग्नपत्रिका, भीमजयंतीची पत्रकं, सगळं त्यांच्या बोटांतून गेलं. अ आ इ ई मात्र त्यांनी ओळीनं कधी म्हटली नाही. गरजच पडली नाही.

एकाहत्तर साली केस उचलताना तिचा खालचा उजवा कोपरा फुटला. त्या शेवटच्या खणात ळ होता. मालक गिरिधरबाबू म्हणाले, सुतार बोलावतो. तोवर रुपरावांनी सगळे ळ जर्द्याच्या एका रिकाम्या डबीत भरले आणि डबी केसच्या बाजूला ठेवली. अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं तरी सुतार आला नव्हता, आणि आता त्याची कुणाला आठवणही नव्हती. ळ लागला की रुपरावांचा हात आपोआप डबीकडे जायचा.

त्याच अठ्ठ्याऐंशी साली त्यांची मुलगी प्रेमलता पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय कॉम्प्युटर. गजभिये कुटुंबात इतकं कुणी शिकलं नव्हतं, आणि कॉम्प्युटर तर इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीत कुणी पाहिला नव्हता. कॉलेजात चार होते, थंडगार काचेच्या खोलीत. चपला बाहेर काढून आत जावं लागे. रुपरावांना ते ऐकून फार बरं वाटलं होतं. "म्हंजे विहारासारखंच झालं," ते म्हणाले.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक प्रोग्राम करून दाखवायचा होता. बाकीच्यांनी ग्रंथालयाची यादी, पगारपत्रक असलं काही घेतलं. प्रेमलतानं घेतलं, पडद्यावर मराठी. सरांनी सांगून पाहिलं, "अगं, मशीनला फक्त इंग्रजी अक्षरं येतात. प्रत्येक अक्षर तुला स्वतः बनवून आत घालावं लागेल. परीक्षेच्या दिवशी मराठी उमटलं नाही तर अख्खं वर्ष पुन्हा." ती म्हणाली, "चालेल सर." घरी आल्यावर मात्र तिचं तोंड उतरलं.

एका अक्षराला आडवे सोळा आणि उभे सोळा चौकोन. त्यातले हवे ते काळे करायचे, म्हणजे अक्षर दिसतं. तिनं आलेखाच्या कागदावर क काढला आणि वडिलांना दाखवला. रुपरावांनी तो जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"याच्या पोटात दुखून राहिलं का वं?"

"बाबा!"

"नाही, वाकला आहे म्हणून म्हटलं. आन् वरची रेघ कोपऱ्यापर्यंत काहून नेली नाही? बाजूचं अक्षर आलं का मंदी खिंडार पडंल. आन मले तो कागद."

दुसऱ्या दिवसापासून रुपराव सकाळी ओट्यावर बसू लागले. छापखाना दहाला उघडायचा, त्याआधीचे दोन तास त्यांचे. खिशातून रोज पाचसहा खिळे आणायचे, भिंगातून पाहायचे, त्यांची सुलटी रूपं चौकोनांत बसवायची. प्रेमलतानं सांगितलं, मशीनमध्ये आपल्या अक्षरांना एकशे अठ्ठावीस जागा आहेत. रुपरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

"कित्ती?"

"एकशे अठ्ठावीस."

"माह्या केसमंदी बी तेवढेच खण! मोजून पाह्य, सोळा आठे!" त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आत जाऊन पत्नी कांताबाईंना ते दोनदा सांगितलं. कांताबाई कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, "परीक्षा पोरीची आहे का तुमची?"

"दोघांची बी."

काळे चौकोन आकड्यांत कसे मांडायचे तेही ते शिकले. आठ चौकोनांचा एक गट: पहिल्याचा एक, दुसऱ्याचे दोन, मग चार, आठ, असं दुप्पट करत एकशे अठ्ठावीसपर्यंत. काळ्यांची बेरीज करायची आणि लिहायची. एका अक्षराचे बत्तीस आकडे. रुपरावांनी सगळे मिळून चार हजारांवर आकडे एका वहीत लिहून काढले, नुसते आकडे, सुबक ओळींत, एकही खाडाखोड नाही. सुरुवात केसच्या वरच्या डाव्या खणापासून, शेवट डबीतल्या ळवर. वही हाती आली तेव्हा प्रेमलतानं विचारलं नाही की पहिलं अक्षर कोणतं, आणि त्यांनीही सांगितलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं दोघांनाही वाटलं नाही. पहिला अ असणार हे तिला ठाऊक होतं. अक्षरं जिथं राहतात तिथंच असणार हे त्यांना ठाऊक होतं.

मशीनवर आठवड्याला तीन तास मिळायचे. प्रेमलता प्रोग्राम लिहायची आणि तिची मैत्रीण चारुशीला वहीतले आकडे आत घालायची. सगळे आकडे फ्लॉपीवर उतरले ते परीक्षेच्या आदल्या दिवशी, आणि त्याच क्षणी वीज गेली ती गेलीच; उमटवून पाहणं राहिलं.

इकडे छापखान्यात रुपरावांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "उद्या माही अक्षरं टीव्हीवर येनार."

छपाईचं ट्रेडल मशीन चालवणारे गणपतराव म्हणाले, "कोन येनार? तू का तुही अक्षरं?"

"अक्षरं."

"मंग ठीक आहे गा. तू आला असता तर लोकायनं टीव्ही बंद केला असता."

परीक्षेच्या दिवशी रुपराव एक पत्रिका जुळवत होते, तोच छापखान्याच्या दारात सायकल आदळली. चारुशीला. धंतोलीतली पोर, नेहमी नीटनेटकी. आज वेणी सुटली होती.

"काका, लवकर चला. तुमची अक्षरं आली."

"आली?"

"आली, पण सगळी दुसरीच आली! लतानं नागपूर लिहिलं तर काहीतरी भलतंच उमटतंय. अकराला परीक्षक येताहेत."

रुपरावांनी हातातली जुळणी तशीच ठेवली. गणपतरावांची सायकल घेतली, आणि गणपतराव "अरे, ब्रेक नाही तिले!" म्हणेपर्यंत ते बाजाराच्या गर्दीतून बाहेर पडलेही होते.

काचेच्या खोलीबाहेर त्यांनी चपला काढल्या. शाईचे हात धोतराला पुसले आणि आत गेले. पडद्यावर हिरव्या उजेडात अक्षरं उभी होती. त्यांचा ठ, त्यांचा ऋ, त्यांचा घ. गोलाई तशीच, वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. रुपराव तिथंच थांबले.

"काय झ्याक दिसून राहिले वं..."

"बाबा, कशी दिसतात ते नका पाहू," प्रेमलता म्हणाली. "काय लिहिलंय ते पाहा ना. मी नागपूर मागितलं."

रुपरावांनी वाचलं. एकेका अक्षरापाशी थांबून वाचलं. मग डोळे मिटले आणि उजवा हात हवेत नेला, जसा ते केससमोर उभे राहून न्यायचे. बोटं डावीकडे गेली, वर गेली, पुन्हा खाली आली. आणि ते हसायला लागले. असे हसले की प्रयोगशाळेचा शिपाई आत डोकावला.

"अवं, तुम्ही त् माही केसच उचलून आणली याच्यात! जशीच्या तशी! हा पाह्य, तिसऱ्या ओळीतला पाचवा खण. हा त्याच्या वरचा."

प्रेमलतानं वही उघडली, पडद्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. तिच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. तिचा प्रोग्राम अ हे पहिलं अक्षर समजून पहिल्या जागेवरचं चित्र काढत होता, आणि पहिल्या जागेवर होता केसच्या कोपऱ्यातला ङ.

"सगळं पुन्हा टाकावं लागेल," चारुशीला घड्याळाकडे पाहत म्हणाली. "चार हजार आकडे. अर्धा तास आहे."

"नाही," प्रेमलता सावकाश म्हणाली. "अक्षरं हलवायचीच नाहीत. कोण कुठं राहतं त्याची फक्त यादी हवी. प्रोग्राम आधी यादी पाहील, मग त्या खणात जाईल." ती वडिलांकडे वळली. "बाबा, मी नाव घेते, तुम्ही खण सांगा."

"घे."

"अ."

रुपरावांनी डोळे मिटले. हात हवेत गेला. "दुसरी ओळ, चौथा."

"वीस," चारुशीलानं हिशेब केला. प्रेमलतानं वीस टाकला.

"आ."

"त्याच्या बाजूचा."

असं ते सुरू झालं. रिकाम्या हवेत समोर केस असल्यासारखे रुपराव उभे, अनवाणी, डोळे मिटलेले. हात जाऊन खणावर थांबायचा आणि मग तोंडातून जागा निघायची. डोळे उघडून विचार केला की चुकायचे. एकदा चारुशीला मध्येच म्हणाली, "काका, नक्की ना?" तर हात गोंधळला. "बोलू नोको बाई, बोटं विसरतेत." ह झाला. मग प्रेमलता म्हणाली, "ळ."

हात बाजूला, पार बाहेर गेला. "तो केसमंदी नसते. डबीत असते. तू पुढचा घे."

तिनं ळच्या जागी शून्य टाकलं आणि घाईघाईनं मात्रांकडे वळली. अकराला सात मिनिटं असताना पडद्यावर आलं: नागपूर. मग बाहेर बुटांचा आवाज आला आणि रुपराव पटकन दाराबाहेर जाऊन काचेला नाक लावून उभे राहिले.

परीक्षक पांढरीपांडे सर बाहेरगावाहून आले होते. चष्मा, सफारी, आवाज कोरडा. त्यांनी प्रोग्राम पाहिला, दोन प्रश्न विचारले, प्रेमलतानं उत्तरं दिली. मग म्हणाले, "तयार करून ठेवलेलं नको. माझ्यासमोर एखादं नाव लिहा. कोणतंही."

प्रेमलताला एकच नाव आठवलं. तिनं कळा दाबल्या. पडद्यावर तु आला, मग मोकळी जागा, मग साबाई.

"तु... साबाई?" सर म्हणाले. "मध्ये काय हवं?"

काचेबाहेर रुपरावांनी ते खिंडार पाहिलं. आईच्या नावात पडलेलं. त्यांना पुढचं काही सुचलंच नाही. त्यांनी दार ढकललं.

"डबी! डबी राह्यली वं बाई! शेवटचा आहे तो, सगळ्याच्या शेवटी!"

सर दचकून वळले. प्रेमलता मात्र वळली नाही. तिनं यादीतल्या त्या शून्याच्या जागी एकशे अठ्ठावीस टाकले, प्रोग्राम पुन्हा चालवला आणि तेच नाव लिहिलं. तुळसाबाई. सगळी अक्षरं एका रेघेला लटकलेली.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"माझे वडील, सर. कंपोझिटर आहेत. हा फॉन्ट त्यांनी केलाय." मग तिनं सकाळचं सगळं खरंखरं सांगून टाकलं, चूक, यादी आणि डबीसुद्धा. सरांचा चेहरा आधी गंभीर होता, मग ओठाची एक बाजू वर गेली. त्यांनी रुपरावांना खुर्ची दिली आणि यादीतल्या र वर बोट ठेवलं.

"मला सांगा, तुमच्या केसमध्ये र मधोमध का?"

"हात थकत नाही सर. दिवसातून हजारदा लागते तो जवळ, कधीमधी लागते तो दूर."

"हेच पोरांना शिकवायला मला दोन तास लागतात," सर म्हणाले. मग प्रेमलताला म्हणाले, "यादी ठेवलीस ते बरं केलंस. अक्षरं हलवली असतीस तर मी मार्क कापले असते. याची एक प्रत मला फ्लॉपीवर देशील का?" आणि त्यांनी तिच्यासमोरच कागदावर मार्क लिहिले. रुपरावांना आकडा उलट्या बाजूनं दिसत होता. त्यांना तो वाचायला काहीच अडचण आली नाही.

दुपारी ते छापखान्यात परतले तेव्हा गणपतराव मशीन थांबवूनच बसले होते.

"आलं का गा टीव्हीवर?"

"आलं. मायचं नाव आलं."

गणपतरावांनी शाईचा हात पुसून रुपरावांच्या पाठीवर ठेवला. मग म्हणाले, "सायकल कुठं आहे माही?"

सायकल पॉलिटेक्निकच्या आवारातच राहिली होती.

ही हकिगत गिरिधरबाबूंच्या कानावर गेली. सतरा वर्षांनी त्यांनी खरोखर सुतार बोलावला. सुतारानं फुटक्या कोपऱ्याचं माप घेतलं, तेवढ्यात रुपराव मध्ये आले.

"नोको करू. ळ डबीतच राहू दे."

"काहून?"

"पोरीनं मशीनमंदी त्याच्या जागेचं नावच डबी ठेवलं आहे. आता मी इथं बदललं तर तिथं तिचं चुकंल."

प्रेमलतानं समजावून सांगितलं असतं की तसं काही होत नाही. पण ती त्या वेळी कॉलेजात होती, आणि सुतार तोवर माप मिटवून निघूनही गेला होता.