दुर्बिणीचं उबदार कपाट

ऐंशी सालच्या आसपास भोसरीच्या एका कारखान्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि ती सगळी एका नळीसारख्या दुर्बिणीवर लटकली होती. हातभर लांब, वाकणारी, आत केसासारखे काचेचे तंतू. व्हॉल्व्हच्या भोकात एक टोक घालायचं, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा, की आत राहिलेला लोखंडाचा बारीक कीसही दिसायचा. परदेशातून आणलेली. ओल लागली की तिच्या काचांवर धुकं बसायचं, पुढे बुरशी धरायची. म्हणून वापरून झाली की ती कोरडी पुसायची, पेटीत न कोंबता कपाटात सरळ टांगायची आणि खाली चाळीसचा बल्ब चालू ठेवायचा. किल्ली माझ्याकडे.

पावसाळ्यात आमच्या सबंध मशीन शॉपमध्ये कोरडी जागा तेवढीच! आधी कुणी काडेपेटी ठेवायला दिली, मग मोजे आले, मग बंडी, मग कुणाच्या तरी बायकोचे सादळलेले पापड. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. वीस वर्षांची पोर, जो तो 'ताई, ताई' करतोय, मी हरभऱ्याच्या झाडावर पार शेंड्याला पोचले होते. एक दिवस भिजून आले आणि माझ्याच लाल पट्ट्यांच्या चपलाही आत सरकवल्या.

तासाभरात साहेब आले. त्यांच्या खिशात माझं कायम झाल्याचं पत्र आहे, हे सगळ्या शॉपला ठाऊक. त्यांनी नळी मागवली, डोळा लावला.

"हे काय? आत नुसतं धुकं!"

आणि स्वतःच जाऊन कपाट उघडलं. ओलसर वाफेचा भपकारा आला. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

साहेबांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. "कुणाचं हे?"

लेथवरचा एक जण पुढे आला. "मोजे माझे, साहेब. ताई नको म्हणत होत्या."

धादांत खोटं! मग बंडीवाला आला, पापडवाला आला. सगळ्यांनाच मी नको म्हटलं होतं म्हणे. मला हसू आणि रडू एकदमच फुटायला लागलं.

उरल्या चपला. टेबलामागे मी अनवाणी. तेवढ्यात शॉपमधले सगळ्यात जुने फिटर, झुपकेदार मिशांचे काका, मशीन सोडून आले.

"त्या माझ्या हायेत."

"तुमच्या?"

"व्हय साहेब. जरा घट्ट व्हतात."

काकांनी अर्धी पावलं त्यांत कोंबली आणि तोल सावरत मशीनकडे गेले. साहेबांनी एकदा त्यांच्या बाहेर आलेल्या टाचांकडे पाहिलं, एकदा माझ्या पायांकडे. मग पत्र टेबलावर ठेवलं.

"उद्यापासून कपाटात फक्त नळी."

त्या दिवशी साहेब शॉपमधून हललेच नाहीत, आणि काका सुटीचा भोंगा होईपर्यंत त्या लाल पट्ट्यांतच उभे राहिले.